वाचकांचे प्रश्न : सातबारा म्हणजे जमीन नव्हे

गेल्या अंकात या सदरात असे मांडले होते की, सॉफ्टवेअरने काय करावे हे ठरवण्याआधी ते ज्या व्यवहारासाठी लिहायचे आहे त्या व्यवहाराचेच वर्णन संच, संबंध आणि तर्क यांच्या काटेकोर भाषेत लिहून पाहावे. अशा भाषा आणि त्यांच्या आधारे तपासणी करण्याच्या रीती यांना फॉर्मल मेथड्स म्हणतात, आणि व्यवहाराच्या त्या वर्णनाला डोमेन मॉडेल म्हणतात. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी बारा वर्षे सॉफ्टवेअरच्या कामात आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला आम्ही क्लास डायग्राम काढतो, त्यावर ग्राहकाबरोबर दोन-तीन बैठका होतात आणि व्यवहार पुरेसा समजतो असा माझा अनुभव आहे. तेच पुन्हा गणिती भाषेत लिहून नेमके काय हाती लागते? शक्य झाल्यास आपल्याकडचे एखादे उदाहरण द्यावे.
— एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : चौकटी आणि रेघांचे चित्र व्यवहारातल्या वस्तूंची नावे सांगते, पण त्या वस्तूंवरच्या अटी फारशा सांगत नाही, आणि पुढे महागात पडणाऱ्या चुका बहुतेक वेळा अटींमध्येच दडलेल्या असतात. सातबाऱ्याचेच उदाहरण घेऊ. आपल्या पद्धतीने चित्र काढले तर गट, खातेदार आणि फेरफार अशा तीन चौकटी येतील, एका गटाला अनेक खातेदार व एका खातेदाराला अनेक गट अशी रेघ येईल, आणि बैठकीतले सर्वजण मान डोलावतील. आता हेच काटेकोर भाषेत लिहायला बसा. पहिलेच वाक्य साधारण असे येते :

∀ ग ∈ गट : Σ हिस्सा(ग, ख) = १, जेथे ख हा ग चा चालू खातेदार आहे

म्हणजे कोणत्याही गटातल्या सर्व चालू खातेदारांच्या हिश्श्यांची बेरीज बरोबर एक भरली पाहिजे. जे विधान व्यवहारात काहीही घडले तरी खरेच राहिले पाहिजे, त्याला या विषयात इन्व्हेरियंट म्हणतात. हे एक वाक्य लिहिताच प्रश्न सुरू होतात. ‘चालू’ म्हणजे कोण? हक्क संपलेल्या माणसाचे नाव सातबाऱ्यावरून पुसले जात नाही, त्याला कंस होतो. मग कंसातले नाव संचात राहते, परंतु बेरजेत येत नाही, हे लिहून ठेवावे लागते. सामाईक खात्यात हिस्से नमूदच नसतील तर बेरीज कशाची करायची? आणि हिस्सा अपूर्णांकात ठेवायचा की दशांशात?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, म्हणून तो जरा जवळून पाहू. १ हेक्टर २० आर, म्हणजे १२० आरांचा एक गट आहे. खातेदार विधुर होता, जमीन स्वकष्टार्जित होती आणि मृत्युपत्र नव्हते. त्याच्यामागे एक मुलगा, एक मुलगी, आणि त्याच्या आधीच वारलेल्या दुसऱ्या मुलाची पत्नी व दोन मुले आहेत. वारस पाच असले तरी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १० प्रमाणे वारलेल्या मुलाच्या शाखेला मिळून एकच वाटा जातो. म्हणून मुलगा व मुलगी यांना प्रत्येकी १/३ आणि सून व दोन नातवंडे यांना प्रत्येकी १/९ असे हिस्से होतात. ज्या प्रोग्रॅमने ‘वारस पाच, म्हणून प्रत्येकी १/५’ असे गृहीत धरले, त्याची बेरीज एकच येईल आणि तरीही तो साफ चुकलेला असेल. तेव्हा बेरजेचा नियम पुरत नाही, वारशाचा नियमही मॉडेलमध्ये लिहावा लागतो. उलट ज्याने वाटे बरोबर केले, पण क्षेत्र दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवले, त्याच्याकडे ४० + ४० + १३.३३ + १३.३३ + १३.३३ म्हणजे ११९.९९ आर भरतात. उरलेला ०.०१ आर म्हणजे एक चौरस मीटर जमीन कोणाच्याच नावावर नाही. चित्रातल्या चौकटीत ‘हिस्सा : संख्या’ एवढेच लिहिलेले असल्याने ही गोष्ट तेथे कोणाच्या नजरेला पडत नाही. अशी वाक्ये तपासणाऱ्या संगणकीय साधनाला मात्र बेरजेचा नियम मोडलेला पहिल्याच फेरीत दिसतो.

याहून मोलाचा लाभ काळाच्या बाबतीत होतो. मी कागदावर रचलेला एक घटनाक्रम देतो; कोणत्याही प्रत्यक्ष शासकीय प्रणालीविषयीचे हे विधान नाही. खातेदार ‘अ’ याने आपला संपूर्ण गट ‘क’ ला विकला, दस्ताची नोंदणी झाली, तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरली आणि हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत सुरू झाली. त्या मुदतीतच ‘अ’ वारला. त्याचा मुलगा ‘ब’ याने वारस नोंदीचा अर्ज दिला, आणि काही कारणाने मंडळ अधिकाऱ्याकडून वारसाचा फेरफार आधी प्रमाणित झाला : ‘अ’ ला कंस पडला, ‘ब’ चे नाव लागले. त्यानंतर खरेदीचा फेरफार प्रमाणित झाला. प्रोग्रॅममध्ये त्या क्रियेचा अर्थ ‘विक्रेत्याच्या नावाला कंस करा आणि खरेदीदाराचे नाव लावा’ एवढाच लिहिलेला आहे. विक्रेत्याला कंस आधीच झालेला, म्हणून पहिला भाग निष्फळ ठरला. दुसरा भाग मात्र घडला. आता ‘ब’ चा हिस्सा एक, ‘क’ चाही एक, आणि बेरीज दोन.

या घटनाक्रमात एक गट, तीन माणसे आणि दोन फेरफार एवढेच आहे. चुका दाखवायला फार मोठा पसारा लागत नाही, बहुतेक चुका अशा छोट्या विश्वातही उघड होतात, हे या साधनांमागचे गृहीतक आहे आणि ते व्यवहारात चांगले टिकलेले आहे. साधन या छोट्या विश्वातल्या सर्व शक्यता पिंजून काढते; बैठकीत बसलेली माणसे नेहमीच्या दोन-चार क्रमांपलीकडे सहसा जात नाहीत. वही हातात असलेला आणि गाव ओळखणारा तलाठी येथे कदाचित थांबला असता. पण प्रोग्रॅमला गाव ओळखीचे नसते, आणि तलाठ्याच्या डोक्यातले हे ज्ञान कोणीतरी शब्दांत उतरवून देईपर्यंत ते प्रोग्रॅममध्ये येत नाही.

आता ही चूक दुरुस्त कशी करायची? फेरफार ज्या क्रमाने धरले त्याच क्रमाने प्रमाणित करावेत, की दुसऱ्या फेरफाराच्या वेळी विक्रेत्याचे नाव अजून चालू आहे का हे पाहून तो थांबवावा? या प्रश्नाने मॉडेल अधिक खोलात नेले. नोंदणीकृत खरेदीखताने मालकी ‘अ’ च्या मृत्यूपूर्वीच ‘क’ कडे गेलेली होती, म्हणून ‘ब’ ला त्या गटात वारशाने मिळण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. याचा अर्थ जमिनीवरचा हक्क ही एक गोष्ट, हक्क बदलल्याची वर्दी म्हणजे फेरफार ही दुसरी, आणि सातबाऱ्यावरची नोंद ही तिसरी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५७ हेच सांगते : अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाईल. ‘मानली जाईल’ या शब्दांतच हक्क आणि नोंद यांच्यातले अंतर आहे. आपल्या चित्रात या तिन्हींसाठी ‘खातेदार’ ही एकच चौकट होती. ती फोडावी लागेल, हे गणिती वाक्य लिहिताना कळले, आणि माझ्या मते हाच या साऱ्या खटाटोपातला सर्वात मोठा लाभ आहे.

प्रश्न : मी व्यवसाय विश्लेषक म्हणून काम करते. माझे ग्राहक म्हणजे कारखान्यांतले आणि बाजार समित्यांतले अनुभवी कर्मचारी आहेत. त्यांच्यापुढे ∀ आणि ∈ ठेवले तर ते वाचणार नाहीत. मग मॉडेल खरे आहे की नाही हे ठरवणार कोण?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तेच ठरवणार, आणि त्यासाठी त्यांनी चिन्हे वाचण्याची गरज नाही. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ डाइन्स ब्योर्नर यांनी आयुष्याचा मोठा भाग डोमेन इंजिनिअरिंग या विषयाला दिला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक गणिती वाक्याशेजारी त्याच आशयाचे साध्या भाषेतले वाक्य असते. ही शिस्त आपणही पाळावी. मराठी वाक्य आधी लिहावे, मग गणिती, आणि गणिती वाक्य लिहिताना जे सुचले त्यानुसार मराठी वाक्य पुन्हा दुरुस्त करावे. ग्राहकाच्या हाती ते दुरुस्त झालेले मराठी वाक्य द्यावे.

त्याहून उपयोगी पडतात ती साधनाने तयार केलेली उदाहरणे. एका साखर कारखान्याच्या काट्यावरचे मॉडेल आम्ही करत होतो. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होते, ऊस गव्हाणीकडे जातो, रिकामी गाडी परत काट्यावर येते, आणि दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या नावे पडतो, असे आम्ही लिहिले होते. साधनाने आमच्या नियमांत बसणारी काही छोटी उदाहरणे काढून दाखवली. त्यांतल्या एकात एकाच ट्रॅक्टरच्या एकाच खेपेवर दोन शेतकऱ्यांची नावे होती. आम्हाला ती आमची त्रुटी वाटली आणि ‘एका खेपेला एकच शेतकरी’ असा नियम घालायला आम्ही निघालो. जाता जाता ते चित्र काट्यावरच्या कारकुनांना दाखवले, तर ते म्हणाले, ‘‘यात चूक काय आहे? पुढची ट्रॉली एकाची, मागची शेजारच्याची. स्लिपा दोन निघतात.’’ आमचे संपूर्ण वजनाचे गणित ट्रॅक्टरवर बांधलेले होते. ते ट्रॉलीवर न्यावे लागले.

त्या कारकुनांना आम्ही ‘खेप आणि शेतकरी यांचा संबंध कसा असतो?’ असे आधी विचारले होते, तेव्हा त्यांनी ‘एका खेपेला एक शेतकरी’ असेच सांगितले होते, आणि तेही खोटे बोलत नव्हते, कारण बहुतेक वेळा तसेच असते. अनुभवी माणसाला नियम विचारला की तो सर्वसाधारण प्रकार सांगतो. त्याच्यापुढे ठोस प्रसंग ठेवला की अपवाद आठवतात. म्हणून ग्राहकाकडे जाताना नियमांची यादी नेऊ नका. ‘असे कधी घडते का?’ असे विचारता येईल असे आठ-दहा प्रसंग न्या.

प्रश्न : झेड, व्हीडीएम, बी, अ‍ॅलॉय, टीएलए प्लस ही नावे वाचून गोंधळ होतो. नोकरी सांभाळून एकच भाषा शिकायची असेल तर कोणती निवडावी?
— एक वाचक, बंगळूरु

उत्तर : डोमेन मॉडेलसाठी अ‍ॅलॉय. कारणे सांगतो.

व्हीडीएम ही यांतली जुनी भाषा. १९७० च्या दशकात आयबीएमच्या व्हिएन्ना येथील प्रयोगशाळेतल्या कामातून ती आली, आणि ब्योर्नर तेथेच होते. झेड आणि बी या दोन्हींच्या मुळाशी फ्रान्सचे झां-रेमों आब्रियाल आहेत. बी पद्धतीत अमूर्त वर्णनापासून पायरी पायरीने प्रत्यक्ष प्रोग्रॅमपर्यंत उतरतात आणि प्रत्येक पायरी सिद्ध करतात. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या चालकविरहित मार्गावर प्रवाशांच्या सुरक्षिततेशी संबंधित सॉफ्टवेअर या पद्धतीने तयार केले होते. त्यात एडा भाषेतल्या सुमारे ८६,००० ओळी होत्या आणि त्यासाठी सुमारे २७,८०० विधाने सिद्ध करावी लागली. जेथे माणसांचे जीव अवलंबून आहेत तेथे हा खर्च योग्यच आहे, पण संध्याकाळी घरी बसून शिकणाऱ्याने तेथून सुरुवात करू नये. लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांच्या बांधणीसाठी उत्तम आहे. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सांगितले आहे की, डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसच्या रचनेत या भाषेने शोधलेल्या एका चुकीपर्यंत पोहोचायला कमीत कमी ३५ पायऱ्या लागत होत्या.

अ‍ॅलॉय एमआयटीमध्ये डॅनियल जॅक्सन यांच्या पुढाकाराने घडली. तिच्यात सर्व काही संबंधांच्या रूपात लिहितात, त्यामुळे ‘गट’, ‘खातेदार’, ‘वारस’ हे शब्द जवळजवळ जसेच्या तसे उतरतात. आणि साधन प्रतिउदाहरणाचे, म्हणजे नियम मोडणाऱ्या प्रसंगाचे, चित्रच काढून देते. संगणकशास्त्रज्ञ पामेला झेव यांनी २०१२ मध्ये याच भाषेच्या मदतीने दाखवून दिले की, २००१ पासून नावाजलेल्या कॉर्ड या नेटवर्क प्रोटोकॉलची प्रसिद्ध झालेली एकही आवृत्ती बरोबर नव्हती. २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून अ‍ॅलॉयमध्ये काळाविषयीची विधानेही थेट लिहिता येतात, म्हणून वर दिलेला फेरफारांचा घटनाक्रम तिच्यात सहज मांडता येतो. वाक्यरचना पंधरा दिवसांत येते. काय लिहावे हे कळायला अधिक वेळ लागतो, पण तो कोणत्याही भाषेत लागेल.

प्रश्न : सगळे गणिताने सिद्ध केले तरी अपघात होतातच. मग या सिद्धतेवर विश्वास का ठेवावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सिद्धता कशाची आहे यावर ते अवलंबून आहे. १४ सप्टेंबर १९९३ रोजी फ्रँकफर्टहून निघालेले लुफ्तान्साचे एअरबस ए-३२० विमान वॉर्साला पावसात उतरले. वाऱ्याच्या इशाऱ्यामुळे वैमानिकांनी विमान थोडे कललेले आणि नेहमीपेक्षा वेगात आणले होते. उजवे चाक आधी टेकले. डावे टेकायला सुमारे ९ सेकंद लागले. उलट्या दिशेचा जोर देण्यासाठी दोन्ही बाजूंच्या चाकांवर भार आलेला असणे आवश्यक होते, आणि पंखांवरच्या पट्ट्या उघडण्यासाठी तो भार किंवा चाकांचा वेग ७२ नॉटहून अधिक असणे आवश्यक होते. धावपट्टीवरच्या पाण्यामुळे चाके फिरण्याऐवजी घसरत होती. विमान जमिनीवर होते, परंतु त्याच्या यंत्रणेच्या लेखी ते अजून हवेत होते. ते धावपट्टी संपवून पुढच्या मातीच्या बांधावर आदळले आणि दोन जणांचा मृत्यू झाला.

प्रोग्रॅमने त्याला सांगितले होते तेच केले. चूक एका विधानात होती : ‘विमान धावपट्टीवर असेल तर चाकांवर भार असतो किंवा ती वेगाने फिरत असतात.’ हे विधान प्रोग्रॅमविषयी नाही, ते धावपट्टी, पाणी आणि रबर यांच्याविषयी आहे. डॅनियल जॅक्सन यांचे वडील मायकेल जॅक्सन हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी पामेला झेव यांच्याबरोबर हा भेद फार स्पष्ट केला. बाहेरच्या जगात काय घडले पाहिजे ही गरज. जग मुळात कसे वागते हे क्षेत्राचे ज्ञान. आणि यंत्राने काय करावे हा तपशील. यंत्राचा तपशील आणि क्षेत्राचे ज्ञान मिळून गरज पूर्ण होते, हे सिद्ध करायचे असते. क्षेत्राचे ज्ञान चुकीचे असेल तर सिद्धतेतली प्रत्येक पायरी बरोबर असूनही निष्कर्ष जगात टिकत नाही.

यावरचा उपाय सिद्धता सोडून देणे हा नव्हे. फॉर्मल मेथड्सने हे गृहीतक वेगळ्या ओळीवर, नाव देऊन, लिहायला लावले जाते. कोडमध्ये ते एखाद्या अटीत विरघळलेले असते आणि वैमानिकाच्या नजरेस कधीच पडत नाही. वेगळ्या ओळीवर लिहिलेले वाक्य वैमानिकाला वाचून दाखवता येते, आणि त्याने भर पावसात विमान उतरवलेले असेल तर तो ‘नेहमी नाही’ म्हणेल. आपल्या सातबाऱ्याच्या उदाहरणात ‘वारस नोंद प्रमाणित होते तेव्हा मृताने आधी केलेली विक्री प्रलंबित नसते’ हे असेच एक गृहीतक होते. कोणी लिहिले नव्हते, म्हणून कोणी नाकारलेही नव्हते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरावासाठी एखादा छोटा, पण खरा विषय सुचवावा. ग्रंथालय आणि पुस्तके हे उदाहरण सर्व पुस्तकांत असते.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : कालव्याच्या पाण्याची शेजपाळी घ्या. आपल्या भागात ती पाहायला लांब जावे लागणार नाही. शेतकरी पाण्यासाठी अर्ज करतात, मंजूर अर्जांवरून पाळ्यांचा क्रम ठरतो, आणि चारीच्या शेवटच्या टोकापासून मुखाकडे पाणी देत येतात. संच तीनच पुरतील : शेतकरी, शेत आणि पाळी. एका वेळी एका विमोचकावर, म्हणजे शेतांकडे पाणी सोडण्याच्या दारावर, एकच पाळी चालू, आणि टोकाकडच्या मंजूर शेताची पाळी झाल्याशिवाय मुखाकडच्या शेताला पाणी नाही, हे दोन नियम लिहा आणि तीन शेतांवर साधन चालवून पाहा.

साधन तुम्हाला लवकरच असा प्रसंग दाखवील की, तीन शेतांपैकी दोन भिजली आणि आवर्तन बंद झाले. पुढच्या आवर्तनात पाळी पुन्हा टोकापासून सुरू करायची की राहिलेल्या मुखाकडच्या शेतापासून? टोकापासून सुरू केली तर मुखाकडचा शेतकरी सलग दोन आवर्तने कोरडा राहू शकतो, आणि तुमचा एकही नियम मोडलेला नसतो. येथे स्वतःला सोयीचे उत्तर लिहू नका. पाटकऱ्याला भेटा, मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय केले ते विचारा, आणि तो जे सांगेल ते आधी मराठीत उतरवून घ्या.